सिनेटरची जागा आणि ऑरिनचा शब्द

ऑरिन ट्विचलला हार्लो गावाने विधानसभेत पाठवलं ते भाषणं करायला नव्हे. भाषणं करणारे गावात पुष्कळ होते. नोव्हेंबरच्या गावसभेत म्हाताऱ्या दुकानदाराने उठून सांगितलं, "आपल्याला तिथं दोन शब्द बोलणारा माणूस हवा. नाव पुकारलं की म्हणायचं, 'लायमन सँबर्न', आणि खाली बसायचं. ऑरिनला दोन शब्द जमतात. तिसरा मी आजवर ऐकलेला नाही." लोक हसले, हात वर झाले आणि ऑरिन निवडून आला.

तो पाथरवट होता. हार्लोच्या डोंगरात पोटापुरता दुसरा उद्योग नाही. वर ग्रॅनाइटची खाण, खाली नदीकाठी घडाईच्या शेडी. विसाव्या वर्षी त्याच्या हाती घण आला तेव्हा त्याच्यापुढे पहार धरून बसणारा पोरगा म्हणजे हाच लायमन सँबर्न. सुरुंगाचं भोक पाडायचं तर एकाने पहार धरायची आणि प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवायची. दुसऱ्याने घण मारायचा. पहार धरणारा वर बघत नाही. वर बघितलं की हात हलतो, हात हलला की मनगट जातं. लायमन चार वर्षं ऑरिनच्या घणाखाली बसला. त्याची दोन्ही मनगटं शाबूत राहिली.

पुढे लायमनच्या जिभेला धार आली. संपात मालकांशी बोलायला कामगारांनी त्यालाच पुढे केलं. मग त्याने एका शेडीत भागी घेतली, पुढे ती सगळी त्याची झाली. तो गावपंच झाला, याच विधानसभेत बसला, आणि सहा वर्षांपूर्वी याच विधानसभेने त्याला सिनेटर करून वॉशिंग्टनला पाठवलं. तिकडे त्याने रेल्वे कंपनीच्या मालभाड्याला हात घातला. कंपनीने ते लक्षात ठेवलं. सरकारी इमारतींना आपल्या डोंगराचा दगड लागावा म्हणून तो भांडला आणि तो लागला. शेवटच्या दोन वर्षांत त्याने दगडाच्या पुडीचा विषय धरला. शेडींतून हवेवर चालणारे हातोडे आले तशी पूड पिठासारखी बारीक उडू लागली होती, आणि माणसं चाळिशी गाठायच्या आत खोकून मरत होती. ऑरिनचा मेव्हणा तसाच गेला. ऑरिनचा थोरला मुलगा जोएल लायमनच्या शेडीत काम करत होता. सरकारी डॉक्टर येऊन शेडी तपासणार, मग पूड ओढून घेणारे पंखे बसवायचा कायदा होणार, असं लायमनने घडवून आणलं होतं. डॉक्टर वसंतात यायचा होता. पण तोवर लायमनची जागा टिकायला हवी होती. त्याची मुदत मार्चात संपत होती.

सिनेटर तेव्हा लोक निवडत नसत, विधानसभा निवडे. दोन्ही सभागृहं रोज दुपारी बाराला एकत्र बसत. एकेकाचं नाव पुकारलं जाई, जो तो आपला माणूस सांगे. कोणालाच बहुमत मिळालं नाही तर उद्या परत. लायमनच्या विरुद्ध रेल्वे कंपनीचा वकील हॅझेल्टन उभा होता. जानेवारीभर कोणी निवडून आलं नाही. ऑरिन रोज उठून दोन शब्द बोलत होता.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एबेन क्विम्बी बसे. डोंगरापलीकडच्या एका खेड्याचा मेंढपाळ शेतकरी, एकाहत्तर वर्षांचा. सगळे त्याला एबेनकाका म्हणत. तो हॅझेल्टनच्या बाजूचा होता.

"वकील मलाही आवडत नाही," तो म्हणे. "पण तुझ्या लायमनने खाणीची दगड वाहायची ट्रॉलीलाइन माझ्या कुरणातून नेली आणि माझ्या चार मेंढ्या तिच्याखाली गेल्या. वकिलाने निदान माझी मेंढी मारलेली नाही."

"भरपाई दिली होती ना, काका?"

"दिली. मेंढी दिली नाही."

दोघं एकाच खाणावळीत जेवत. घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस आणि काकवी घातलेला काळा पाव. जेवताना राजकारणावर ते कधीच बोलत नसत. एबेन मेंढरांविषयी बोले, ऑरिन ऐके.

जानेवारीच्या शेवटी एबेनला छातीत धरलं. कोट ठेवायच्या खोलीत बाकावर तो वाकून बसला होता, श्वास शिटीसारखा वाजत होता. ऑरिनला पाहून त्याने हात पुढे केला.

"घरी जातो रे. बहीण आहे, ती लेप लावील. पण माझं मत इथं रिकामं पडलं तर तुझा लायमन त्यावरून उडी मारून जाईल. मला जोड दे."

जोड म्हणजे तिथला जुना रिवाज. एका बाजूचा माणूस अडला तर दुसऱ्या बाजूच्या एकाने त्याच्यासाठी आपलंही मत राखायचं. दोघंही गप्प, म्हणजे कोणाचंच बिघडत नाही. हे कुठे लिहीत नाहीत, फक्त हात धरतात. जोड मोडलेल्या माणसाशी मग त्या इमारतीत कोणी बोलत नसे. त्याच्या स्वतःच्या बाजूचेसुद्धा नाही.

"कधीपर्यंत, काका?"

"मी परत येईपर्यंत, नाहीतर मी सोडेपर्यंत. मेलो तर सुटलास." एबेनला हसायचं होतं, खोकला आला. "मरायचा विचार नाही. मेंढ्या व्यायला आल्यात."

ऑरिनने हात धरला. अशी मुदतीवाचूनची, ढिली गाठ त्याने खाणीत कधी बांधली नसती. दोर वर ओढायच्या आधी तो खाली कुठवर जातो ते बघणारा माणूस. पण समोर म्हातारा धापा टाकत होता.

दोन आठवडे गेले. रोज ऑरिनचं नाव पुकारलं जाई, तो उठून "जोड" एवढंच म्हणे आणि बसे. दोनाचा एक शब्द झाला. लायमनचं पारडं हळूहळू जड होत गेलं आणि एका मतावर येऊन अडलं. एक मत इकडे आलं की लायमन सिनेटर. पण त्याच्या माणसांतही चुळबुळ सुरू झाली होती. उत्तरेच्या लाकूडतोड्या गावांचे तिघे कंटाळले होते. कंपनीची माणसं त्यांना रोज जेवायला नेत होती.

त्याच वेळी लायमन वॉशिंग्टनहून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ऑरिनला हॉटेलवर बोलावलं.

लायमन बाह्या सारून बसला होता. पुढ्यातलं अंडं थंड झालं होतं. खिडकीशी त्याचा कारभारी स्टिकनी उभा होता, खोलीत शेगडी पेटलेली असून अंगात फरचा कोट.

"एबेन क्विम्बी गेला," स्टिकनी म्हणाला.

ऑरिनने टोपी काढली. "कधी?"

"काल सकाळी. त्यांच्या चर्चची घंटा वाजली. एकाहत्तर ठोके."

त्या डोंगरात माणूस गेला की घंटा त्याच्या वयाइतके ठोके देते. गोठ्यात, रानात, स्वयंपाकघरात जो तो हातातलं काम थांबवून मोजतो. मोजून झाले की नाव विचारावं लागत नाही.

"कोणी पाहिलं?" ऑरिनने विचारलं.

"म्हणजे?"

"एबेनकाकाला. मेलेला कोणी पाहिला?"

"अरे बाबा, दूधवाला ऐकून आला ना. म्हातारा एकाहत्तरचा. म्हातारा आजारी. ठोके एकाहत्तर. आता काय, मढं आणून दाखवू तुला?"

"स्टिकनी, तू जरा बाहेर जा," लायमन म्हणाला.

दार लागलं. लायमनने खुर्ची पुढे सरकवली. ऑरिन बसला नाही.

"ते तिघं आज दुपारपर्यंत माझे आहेत," लायमन म्हणाला. "उद्याचं त्यांनी सांगितलंय, उद्या आम्ही मोकळे. म्हणजे आज व्हायचं तर व्हायचं. एक मत, ऑरिन."

"त्यांना एक दिवस धरून ठेव. मी जाऊन बघून येतो. गेला असेल तर उद्या उठून तुझं नाव घेतो."

"धरून ठेव? ती काय बैलं आहेत? उद्या ते हॅझेल्टनच्या टेबलावर असतील."

"तार केली तर?"

"तार स्टेशनात येऊन पडते. स्टेशनावरून वरच्या खेड्यात जायला अर्धा दिवस. तुला ठाऊक आहे." लायमनने डोळे चोळले. सहा वर्षांत त्याचे हात मऊ झाले होते, पण बोटं अजून जाडच होती. "मेलेल्या माणसाची जोड कसली रे?"

"मेला असेल तर नाहीच."

"मी सांगतोय ना तुला, मेला म्हणून."

ऑरिनने टोपी डोक्यावर घातली.

"चार वर्षं तुझ्या घणाखाली पहार धरली," लायमन म्हणाला. "एकदा तरी मान वर करून बघितलं?"

"नाही."

"मग?"

लायमनचं बरोबर होतं. त्याने कधी बघितलं नव्हतं.

"म्हाताऱ्यानं हात धरून जोड मागितली, लायमन," ऑरिन म्हणाला. "मी स्वतः बघितल्याशिवाय मोडणार नाही."

"या दारातून तू बाहेर पडलास की माझी जागा गेली. कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि तो डॉक्टर. पंखे. जोएल माझा मुलगा नाही, तुझा आहे."

ऑरिनचा हात दाराच्या मुठीवर होता. तो थोडा वेळ तसाच थांबला. मग त्याने मूठ फिरवली.

सकाळच्या गाडीने तो डोंगराच्या पायथ्याच्या स्टेशनावर उतरला. स्टेशनमास्तरने बर्फावर चालायच्या जाळीच्या चपला दिल्या आणि म्हणाला, "वर कोणाची घोडागाडी गेलेली नाही आज. एवढं काय अडलंय?"

"एका माणसाला बघायचंय."

"बघायला एवढं चालतात होय? लग्न ठरलंय की काय?"

ऑरिन निघाला. पहिली चढण सोपी होती, बर्फ वाऱ्याने दाबलेला. पुढे झाडीत तो भुसभुशीत लागला आणि चपलाही बुडू लागल्या. अशा बर्फात घाई केली की माणूस दमतो आणि घाम येतो, घाम आला की गोठतो. पाय पूर्ण उचलायचा, सपाट टाकायचा, त्यावर वजन द्यायचं, मगच दुसरा. ऑरिनला हे ठाऊक होतं आणि तो तसंच चालला. छातीत मात्र खरखर होत होती. दगडाची पूड त्याच्याही छातीत होतीच. तो दोनदा झाडाला टेकला.

सूर्य डोंगराच्या माथ्यावर आला तेव्हा तो एका उघड्या कुरणात होता. बारा वाजले असणार. आता तिकडे नावं पुकारत असतील. ट्विचलचं टी अक्षर यादीत शेवटी शेवटी येतं. कारकून घसा साफ करून म्हणेल, "हार्लोचे ट्विचल." पुन्हा एकदा म्हणेल. मग पुढचं नाव घेईल. बर्फात उभं राहून ऑरिनने ते सगळं ऐकल्यासारखं ऐकलं आणि पाऊल उचललं.

खेडं दिसलं तशी चर्चशी चार माणसं दिसली. बर्फगाडीवर पेटी होती. हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी होते, खणता येत नाही. मढी दगडी कोठीत ठेवायची आणि बर्फ वितळल्यावर पुरायची. ती माणसं पेटी कोठीकडे नेत होती.

ऑरिन थांबला. म्हणजे लायमन खरं बोलत होता. म्हातारा मेला होता, जोड कालच सुटली होती, आणि आपण मित्राला बुडवून एका पेटीला भेटायला आलो होतो. त्याने टोपी काढली.

"एबेनकाका?" त्याने जवळच्या माणसाला विचारलं.

"कोण एबेन? क्विम्बी?" तो माणूस म्हणाला. "छे! हा जेडिडाया. बैलांची जोखडं बनवायचा. गोठ्याच्या माळ्यावरून पडला, मान मोडली. एबेन याला काय म्हणायचा माहितीय? 'तू माझ्याआधी गेलास तर लोक मला रडतील.' दोघं एकाच वर्षाचे. आणि झालंही तसंच. काल घंटा वाजली आणि अर्ध्या गावानं एबेनच्या बहिणीकडे पाय वळवले."

ऑरिनने टोपी घातली. मेलेल्या माणसाच्या पेटीपुढे त्याला बरं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

एबेनच्या दारात त्याची बहीण थर्झा उभी होती. एबेनहून मोठी, हातात लाकडाचा ओंडका.

"आता तू कोण? आणखी एक रडायला आलास? बूट झाड आधी."

"ऑरिन ट्विचल, हार्लोचा. काकांच्या शेजारी बसतो."

"हां, जोडवाला." तिने त्याला वरून खाली पाहिलं. "काल दुपारी एक येऊन गेला, फरच्या कोटातला. स्वतःची घोडागाडी घेऊन. आत यायला तयार नाही. दारातूनच, 'क्विम्बी गेले का?' म्हटलं, नाही गेला, श्वास चाललाय, ये, ऐक. तर म्हणाला, 'बरं, बरं', आणि फिरलाच मागं. असली कसली माणसं रे?"

ऑरिनने बूट झाडले. स्टिकनी काल दुपारी इथे होता. स्टिकनीला ठाऊक होतं. मग लायमनला?

एबेन उशांना टेकून बसला होता. छातीवर कांद्याचा लेप, खोलीभर त्याचा वास. डोळे खोल गेले होते, पण त्याने ओळखलं.

"तू इथं काय करतोयस? तिकडं राखण कोण करतंय?"

"तुम्ही मेलात म्हणाले, काका."

"कोण, लायमन?" एबेनच्या घशात घरघर झाली, ते हसणं होतं. "माझं कुरण घेतलं, आता मलाही पुरतोय. मग? बघितलंस? आहे ना?"

"आहे."

"आणि एवढ्यासाठी चालत आलास? या बर्फातून?" एबेन त्याच्या भिजलेल्या पायांकडे बघत राहिला. "एक मत अडलं होतं का?"

"हो. आज दुपारी."

म्हातारा बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "मूर्ख आहेस. एक निरोप पाठवायचास. लिहायचंस, काका, माझं पोर पुडीत काम करतं, मला सोडा. सोडलं असतं मी. लायमनचा राग आहे मला, तुझ्या पोराचा थोडाच आहे? जा. सोडला तुला. थर्झा, तू साक्षीला. सोडला याला."

ऑरिनला हे सुचलंच नव्हतं. जोड द्यायची, पाळायची, मोडायची, एवढंच त्याला माहीत होतं. सुटका मागताही येते हे माहीत नव्हतं. मागणं त्याला कधीच जमलं नव्हतं, ना मालकाकडे, ना मित्राकडे.

"उपकार झाले, काका."

"आता काय उपयोग? उपकार होतील, तू लवकर पोचलास तर," एबेन म्हणाला आणि डोळे मिटले.

थर्झाने मक्याच्या भाकरीचा तुकडा त्याच्या खिशात कोंबला. ऑरिन उतरणीला लागला. येतानाच्या खुणांवरूनच पाऊल टाकायचं असल्याने वेग मिळाला. मनात एकच होतं, ते तिघं टिकले असतील. एक दिवस. माणूस एक दिवस तर टिकतो.

स्टेशनमास्तरने चपला परत घेतल्या आणि म्हणाला, "बघितलंस का तुझ्या माणसाला? इकडं तारेवर मोठी बातमी आलीय. पहिल्या मोजणीत बरोबरी. हार्लोचा कोणी जागेवर नव्हता म्हणे. मग कंपनीच्या माणसांनी उद्याची वाट न बघता लगेच दुसरी मोजणी मागितली आणि उत्तरेचे तिघे फुटले. हॅझेल्टन सिनेटर झाला. तू कुठला म्हणालास?"

"हार्लोचा," ऑरिन म्हणाला.

स्टेशनमास्तरने पुढे काही विचारलं नाही. चहा मात्र दिला.

राजधानीच्या स्टेशनावर तो उतरला तेव्हा दिवे लागले होते. वॉशिंग्टनची गाडी समोरच्या फलाटावर उभी होती आणि तिच्यापुढे लायमन, एकटा, पायाशी बॅग. स्टिकनी कुठे दिसत नव्हता.

लायमनने त्याला येताना पाहिलं.

"जिवंत आहे?"

"आहे. दुसरा कोणी गेला. त्याच वयाचा."

लायमनने मान हलवली. मग बॅगेवरच बसला, खाणीत दुपारच्या सुट्टीत दगडावर बसायचा तसा.

ऑरिन म्हणाला, "स्टिकनी काल तिथं जाऊन आला होता. दारात विचारून आला."

"आज दुपारनंतर कळलं मला."

"आणि सकाळी?"

गाडीची शिट्टी झाली. लोक चढू लागले. लायमन जागचा हलला नाही.

"सकाळी त्यानं मला म्हटलं, घंटा वाजली," तो म्हणाला. "मी पुढं विचारलं नाही. तू विचारलंस तेच मला विचारता आलं असतं, कोणी पाहिलं? ओठावर होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं." तो उठला. "आता मला खोटारडा म्हण, नाहीतर काय म्हणायचं ते म्हण."

"मी काही म्हणत नाही."

"तेच तर तुझं! तू काही म्हणतच नाहीस. सरळ चालायला लागतोस." त्याचा आवाज फाटला. "म्हाताऱ्याच्या शब्दासाठी गेलास, मान्य. पण तू माझ्या शब्दावर पाय देऊन गेलास, ऑरिन. तुझा संशय खरा निघाला म्हणून दुखायचं थांबत नाही."

तो गाडीत चढला. ऑरिन खालीच उभा राहिला. डबा हलला तेव्हा दोघांपैकी कोणी हात वर केला नाही.

अधिवेशन संपायच्या आत एबेन क्विम्बी मेला. त्यांच्या चर्चने पुन्हा तेवढेच ठोके दिले, आणि या खेपेला म्हणे लोकांनी मोजून झाल्यावरही दारावर जाऊन खात्री करून घेतली. विधानसभेत ऑरिनशी सगळे आदराने बोलत. हॅझेल्टनची माणसं तर फारच. त्यांच्यातल्या एकाने सिगार पुढे केला तेव्हा ऑरिनने तो घेतला नाही आणि त्या दिवसापासून खाणावळीत एकटा जेवू लागला.

हार्लोत कोणी आदर दाखवला नाही. मार्चच्या गावसभेत रस्ते, शाळा आणि भटक्या गुरांचा विषय झाल्यावर दुकानदाराने उठून विचारलं, "आपल्या प्रतिनिधीनं दोन शब्द बोलायचे होते. कुठं सांडले?"

ऑरिनने उठून घडलं ते सगळं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब बोलणं. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक घडाईवाला खोकत खोकत म्हणाला, "म्हातारा आठवड्यानं मेलाच की रे. आठवडा आधी मेला असं धरलं असतंस तर काय झालं असतं?" ऑरिनकडे याला उत्तर होतं, पण खोकणाऱ्या माणसाला ते देववेना. तो खाली बसला.

घरी त्याच्या बायकोने, हल्डाने, घेवड्याचं भांडं पुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुझा शब्द राहिला. चांगलं झालं. माझा भाऊ राहिला नाही. जोएल रात्री उठून बसतो, ऐकतोस ना?"

"ऐकतो."

"मग नुसतं ऐकू नकोस."

वसंत आला. डॉक्टर आला नाही. हॅझेल्टनने वॉशिंग्टनला पोचल्यावर सगळ्यांत आधी तो विषय मागे घेतला. लायमन मुदत संपवून परतला, आता नुसता शेडमालक. दोघं एकाच गावात राहात, रस्त्यात दिसले तर मान लववत, पुढे जात. गावाला ते बघवत नव्हतं.

मे महिन्यात जोएलच्या रुमालावर रक्त दिसलं. दुसऱ्या दिवशी ऑरिनने काम सुटल्यावर घरची वाट सोडली आणि तो लायमनच्या शेडीच्या आवारात गेला. लायमन एका घडीव खांबावर हात फिरवत होता. त्याने वर पाहिलं.

ऑरिनने टोपी काढली. वाक्य त्याने येताना जुळवलं होतं.

"मागायला आलोय," तो म्हणाला.

लायमन खांबापासून बाजूला झाला. "तू?"

"कायदा गेला. डॉक्टर गेला. त्यात माझा हात आहे, मला ठाऊक आहे. पण ही शेड तुझी आहे. इथं पंखा लावायला वॉशिंग्टन लागत नाही."

"एकट्यानं लावला तर माझा दगड महाग होतो. बाकीचे मला खाऊन टाकतील. म्हणून तर कायदा हवा होता, सगळ्यांना एकदम."

"कळतं मला."

"मग?"

"तू सिनेटर होतास तेव्हाही ही शेड तुझीच होती, लायमन. सहा वर्षं."

लायमनचा चेहरा लाल झाला. तो काहीतरी बोलणार होता. आत हवेचे हातोडे चालू होते आणि उघड्या दारातून पांढरी पूड आवारात येत होती, दोघांच्या बुटांवर बसत होती. तो तिकडे बघत राहिला.

"त्याचंही उत्तर मला ठाऊक होतं," तो शेवटी म्हणाला. "तेही मी स्वतःला विचारलं नाही." मग जरा वेळाने, "लावतो. हिवाळ्याच्या आत लावतो. जोएलला उद्यापासून वर खाणीत पाठव, उघड्यावर. मुकादमाला सांगून ठेवतो." आणि एकदम कडवट हसून, "का? माझ्या शब्दावर ठेवशील विश्वास?"

ऑरिनने टोपी घातली.

"बसला की येऊन बघेन," तो म्हणाला.

पंखा ऑक्टोबरात बसला. ऑरिन बघायला गेला. जोएल जिथे बसायचा त्या जागेशी पत्र्याचं नळकांडं उतरवलं होतं. ऑरिनने त्याच्या तोंडाशी तळहात धरला. पूड हाताला न लागता आत ओढली जात होती. त्याने ती जागा बघितली, शेजारची बघितली, मग सगळ्या ओळीने एकेक तोंड हात धरून बघत गेला. शेवटच्या दोन तोंडांशी ओढ कमी होती. लायमन मागे उभा होता. ऑरिनने ती दोन्ही बोट दाखवून सांगितली. लायमनने होकार दिला आणि मिस्त्रीला हाक मारली.

नदीकाठच्या बाकीच्या शेडींची दारं तशीच पांढरी होती. जोएल ऑगस्टातच अंथरुणाला खिळला होता. ऑरिन घरी गेला आणि त्याच्या खाटेशी बसून पंखा कसा चालतो ते त्याने त्याला सावकाश, एकही गोष्ट न गाळता सांगितलं.